लातूरच्या दोन्ही बाजूंची टिंबं

"काय पुटपुटायलीस गं मघापासनं?" आईने मेथी निवडता निवडता विचारलं. मी 'श्तूशा, श्कूले, म्लातू' असं घोकत होते. शिकवणे, शाळा, मांजर. भाषा लोज्बान.

ही कुणाची मातृभाषा नाही. जेम्स कुक ब्राऊन यांनी 1955 मध्ये लोगलॅन नावाची तर्काधिष्ठित भाषा बांधायला घेतली आणि 1987 मध्ये त्यातूनच फुटून लोज्बान निघाली. एका वाक्याचा एकच व्याकरणिक अर्थ लागावा, ही तिची जिद्द. पण अर्थ एकच लागायचा तर आधी आवाज एकच हवा. म्हणून जे अक्षर, तोच उच्चार, आणि कुठलंही अक्षर मुकं नाही.

पहिले पंधरा दिवस मी इंग्रजीच्या वाटेने गेले आणि अडखळत राहिले. रोमन लिपीतलं 'सी' दिसलं की तोंडातून 'क' निघायचा, 'वाय' दिसला की 'य'. लोज्बानमध्ये 'सी' म्हणजे 'श' आणि 'वाय' म्हणजे 'अ'. आईने तीस वर्षं बालवाडी चालवली. ती म्हणाली, "मला आपल्या अक्षरात लिहून दाव." मी तिच्यासाठी त्या भाषेतली अक्षरांची नावं वहीत उतरवली: ब, श, द, फ, ग... आणि लिहितानाच थांबले. व्यंजनाचं नाव म्हणजे व्यंजन अधिक 'अ'. आई फळ्यावर शिकवायची ती मुळाक्षरंच. इंग्रजीत 'बी, के, क्यू' म्हणताना प्रत्येक अक्षराला वेगळी शेपूट असते. इथे सगळ्यांना आपला 'अ'.

त्या दिवसापासून मी रोमन पानाशेजारी देवनागरी वही ठेवते.

आपल्याकडे असलेली आणि आपण कधी मोजत नसलेली एक श्रीमंती त्या वहीत मला दिसली. 'जग' हा शब्द घ्या. 'सारं जग' मधला ज आणि 'सुखाने जग' मधला ज वेगळा आहे, पण लिहितो सारखाच. च चंही तेच: चहातला एक, चमच्यातला दुसरा. 'आम्ही बोलतो तसंच लिहितो' असं आपण अभिमानाने सांगतो, ते इथे खरं नाही. लोज्बान मात्र हे आवाज वेगळे लिहिते. आकाश म्हणजे 'त्सानी', तिथे चमच्यातला च. शहर म्हणजे 'चादू', तिथे चहातला च. पाणी म्हणजे 'जाशू', त्यात जीवातला ज. आणि पूर्वजासाठीच्या 'जेना'त जावयातला ज. हे मराठी माणसाला शिकावं लागत नाही. फक्त कुठला कुठे, एवढं लक्षात ठेवायचं.

दोन आवाज मात्र खरोखर नवे. एक 'जे' या अक्षराचा. लांब 'श्श्श' म्हणायचं, गळ्यावर बोट ठेवायचं आणि जीभ न हलवता गळा घुमवायचा. इंग्रजी 'व्हिजन'च्या मधला खरा आवाज तो. 'लोज्बान' मधला ज् तोच, म्हणजे देवनागरीत मी या भाषेचं नावसुद्धा नीट लिहू शकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा 'एक्स'चा, म्हणजे ख़. आपला ख हा क ला जोडलेला ह. लोज्बानला तो चालत नाही, ऐकणाऱ्याला तो क वाटतो. या भाषेच्या मूळ शब्दांची यादी करताना फक्त क आणि ख़ एवढ्याच फरकाचे दोन शब्द मुद्दाम टाळले आहेत, तसेच ब आणि प, र आणि ल यांचेही. गोंगाटात एक ऐकताना दुसरा ऐकू येऊ नये म्हणून. हा विचार मला फार मायेचा वाटतो. पण छोट्या शब्दांना ही सवलत नाही. 'ख़ो' म्हणजे किती, आणि 'को' म्हणजे समोरच्याला आज्ञा. चुकलात तर प्रश्नाचा हुकूम होतो.

हा ख़ मी आजोबांच्या आठवणीतून काढला. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू माध्यमाची. 'ख़त आलं का?' असं ते विचारायचे तेव्हा घशात पान सळसळल्यासारखं व्हायचं. आम्ही नातवंडं 'खत' म्हणायचो आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे.

आता टिंब. लोज्बानमध्ये विशेषनामाच्या आधी 'ला' येतं. जुन्या नियमानुसार नावाच्या आत 'ला' चालत नसे, त्याच्या लगेच आधी व्यंजन असेल तरच चाले. कारण ऐकणाऱ्याला वाटणार, नाव 'ला'नंतर सुरू झालं. 'ला लातूर' म्हटलं की 'ला, ला' आणि उरली तूर! लातूरसारख्या डाळींच्या गावाला तूर उरली तरी चालेल, पण मला माझं गाव अख्खं हवं होतं. त्या नियमाने ते लिहिताच आलं नसतं, काहीतरी मोडतोड करावी लागली असती. पुढे बोलणाऱ्यांनी दुसरी रीत धरली: नावाच्या दोन्ही बाजूंना टिंब द्यायचं आणि टिंबापाशी खरोखर थांबायचं. क्षणभर घसा बंद केला तरी पुरतं. मग आत काहीही असो, नाव सुरक्षित.

आईला हे सांगितलं तेव्हा तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा सलग म्हणाली. दुसऱ्यांदा 'ला' म्हणून थांबली, श्वास रोखला आणि मग 'लातूर' म्हणाली, पहिल्या अक्षरावर जोर देऊन.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने आम्ही दोघी गावी निघालोय. 'जाणे' म्हणजे 'क्लामा', आणि 'मी'ला त्या भाषेतही 'मी'च म्हणतात. आई सकाळपासून बॅग भरताना म्हणतेय: "मी क्लामा ला. लातूर."