डिस्टिंक्ट म्हणजे नुसतं वेगळं नाही

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीचं इंग्रजी पत्र माझ्याकडे आलं, सेक्रेटरी काकांनी लिहिलेलं, मला फक्त एकदा नजर टाक म्हणाले. पहिल्याच ओळीत होतं की आम्ही आजवर चौदा डिफरंट कंप्लेंट्स केल्यात. मी म्हटलं काका, अर्ज चौदा असतील पण तक्रारी चौदा नाहीत ना. मग फाईल काढली आणि डायनिंग टेबलवर एकेक कागद लावत बसलो. पाणी गढूळ येतं, हे सहा अर्ज. वरच्या मजल्यांना प्रेशर नाही, हे पाच. गेटजवळच्या व्हॉल्वमधून गळती, हे तीन. म्हणजे अर्ज चौदा आणि डिस्टिंक्ट तक्रारी तीन.

काका म्हणाले, "अगं, डिफरंट काय नि डिस्टिंक्ट काय, दोन्हीचा अर्थ वेगळंच ना?"

हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण मराठीत आपण दोन्हीला वेगळंच म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. डिफरंट म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसारख्या नाहीत. डिस्टिंक्ट म्हणजे ही एक आणि ती दुसरी, एकीला दुसरीत मोजायचं नाही, मग त्या दिसायला अगदी सारख्या का असेनात. दादरचंच बघा ना. पूर्वी तिथे एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, एक वेस्टर्नचा आणि एक सेंट्रलचा, त्यामुळे नवीन माणसाला "एक नंबरला ये" सांगितलं की तो हमखास चुकीच्या पुलावरून उतरायचा. नंबर सारखा पण प्लॅटफॉर्म डिस्टिंक्ट. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने सेंट्रलच्या एक नंबरला आठ नंबर केलं आणि पुढे चौदापर्यंत सलग नंबर दिले, म्हणजे जागा आधीपासून दोन होत्याच, आता नावंही दोन झाली.

मला हा शब्द रोज लागतो कारण ऑफिसमध्ये दिवसभर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. सिलेक्टच्या पुढे डिस्टिंक्ट लिहिलं की पुन्हा पुन्हा आलेल्या ओळी गळतात आणि प्रत्येक ओळ एकदाच उरते. पण ते अख्खी ओळ बघतं, नुसता पहिला कॉलम नाही, हे नवीन आलेल्या मुलांना मी दरवेळी आवर्जून सांगते, कारण नावासोबत तारीख पण घेतलीत तर एकच माणूस दहा तारखांना दहा वेळा येणारच. आणि डेटाबेसला अर्थ कळत नाही, त्याला फक्त अक्षरं दिसतात. कांदिवलीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोणी 'एल' आणि 'व्ही'च्या मध्ये एक 'ए' घालतं, कोणी नाही घालत, स्टेशन एकच, तरी यादीत दोन गावं उभी राहतात. मराठीत बरोबर उलटं पण होतं. "जरा थांब" मधलं जरा आणि म्हातारपण या अर्थाचं जरा, लिहायला तेच, पण तोंडातून 'ज' दोन तऱ्हेने निघतो आणि शब्द दोन आहेत. नुसती अक्षरं बघणाऱ्याला ते कधीच सुटे करता येणार नाहीत, कानाला मात्र लगेच कळतं.

भाची दहावीला आहे, सीबीएसईची, तिच्या पुस्तकात वर्गसमीकरणाला टू डिस्टिंक्ट रिअल रूट्स असतात. आमच्या मराठी मिडियमला हेच "वास्तव व असमान" होतं. विवेचक, म्हणजे समीकरणातली b² − 4ac ही किंमत, शून्यापेक्षा मोठा असला की उत्तरं दोन आणि ती सुटी, उदाहरणार्थ २ आणि ३. विवेचक शून्य आला की २ आणि २, म्हणजे मुळं म्हणायला दोन पण डिस्टिंक्ट फक्त एक. तिला मी काकांची फाईलच सांगितली, सहा अर्ज पण तक्रार एक, आणि तिला पटकन कळलं.

या शब्दाला दुसरी पण बाजू आहे, स्पष्ट, ठळक, लगेच जाणवणारं. आणि इथे डिस्टिंक्ट आणि डिस्टिंक्टिव्ह यांची गल्लत फार होते. आम्ही पार्ल्याचे, त्यामुळे मला तर यासाठी एकच उदाहरण आठवतं. १९२९ पासूनची पार्लेची फॅक्टरी २०१६ ला बंद झाली, तोवर लोकलच्या दारात उभं असलं की बिस्किटं भाजल्याचा गोड, दुधाळ वास यायचा आणि डोळे मिटलेले असले तरी स्टेशन कळायचं. तो वास डिस्टिंक्टिव्ह, म्हणजे त्याचा तोच, दुसऱ्या कुठल्या स्टेशनाला नाही. वारा आपल्या बाजूचा असला की तो डिस्टिंक्ट यायचा, म्हणजे स्वच्छ, नाकात भरणारा. पावसाळी हवेत कधी नुसता येऊन गेल्यासारखा वाटायचा, तेव्हा इनडिस्टिंक्ट, पण डिस्टिंक्टिव्ह तेव्हाही होताच. अजून मी पार्ल्याला उतरताना एक मोठा श्वास घेते.

एक छोटी गोष्ट, या शब्दानंतर फ्रॉम येतं. डिफरंटच्या पुढे दॅन लावणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत, डिस्टिंक्टच्या पुढे नका लावू.

तर पत्र. मी पहिली ओळ बदलली, चौदा अर्ज, तीन डिस्टिंक्ट तक्रारी, आणि खाली प्रत्येकीच्या अर्जांच्या तारखा लावल्या. आधी दरवेळी "आपल्या तक्रारीचं उत्तर दिलेलं आहे" एवढंच परत यायचं, आणि ते उत्तर असायचं फक्त गढूळ पाण्याचं, बाकीच्या दोन त्यातच बुडायच्या. काकांनी दोनदा मोठ्याने वाचलं, जरा थांबले आणि म्हणाले, मग एका कागदावर कशाला? रात्री बसून तीन पत्रं केली. सोमवारी ते स्वतः जाऊन देऊन आले, तीन कागद, तिन्हींच्या कॉपीवर शिक्का आणि तीन वेगळे इनवर्ड नंबर.