आधी सोडा, मग घ्या

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, आहे म्हटलं की समोरचा हमखास सांगतो, "मोठा श्वास घ्या." तळमळ कळते, पण नेमकं तेच माझ्या उपयोगाचं नाही. माझं घोडं अडतं ते श्वास सोडताना.

वर्षानुवर्षांच्या सिगारेटींनी माझ्या श्वासनलिका अरुंद झाल्या आणि फुफ्फुसांचा लवचिकपणा गेला. सिगारेटला कधी हातही न लावलेल्यांना चुलीच्या धुराने किंवा कामावरच्या धुळीनेही हेच होतं. श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आतच राहते. भरलेल्या बसमधून कुणी उतरलंच नाही तर स्टॉपवरचे चढणार कुठे?

स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून करायच्या तपासणीत, हे आकड्यांत दिसलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि टेक्निशियनबाई ओरडतायत, "सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा!" डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी बाई ऐकेनात. मग इन्हेलर देऊन थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा तेच. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेला जोर लावून सोडलेल्या एकूण हवेने भागतात. औषधानंतरही हे गुणोत्तर 0.70 च्या खाली राहिलं, तर नळ्यांतला अडथळा पूर्ण सुटत नाही असं धरतात. माझं बरंच खाली होतं. नुसत्या एक्स-रेवर हे निदान पक्कं होत नाही, म्हणून ही फुंकाफुंकी टाळू नका.

रोजच्या जगण्यात मला सगळ्यात जास्त तारलं ते ओठांनी. नाकातून श्वास घ्यायचा, मनात एक-दोन म्हणत. मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा, चारपर्यंत मोजत. ओठांशी वाट अडवली की आत थोडा दाब राहतो आणि नळ्या लवकर मिटत नाहीत. जिन्यावर पायरी चढताना सोडतो, थांबून घेतो. मागचे खोळंबतात. खोळंबू देत.

आंघोळ हे मोठं प्रकरण. हात वर गेले की दम लागतो, कारण खांद्या-मानेचे जे स्नायू एरवी माझ्या श्वासाला हातभार लावतात तेच डोकं चोळायला जुंपले जातात. म्हणून स्टुलावर बसून, कोपरं टेकवून आंघोळ. अंग खसाखसा पुसत नाही, मोठा टॉवेल गुंडाळून बसून राहतो. शर्ट पुढून बटणांचा. वाकलं की पोट वर दाबतं, त्यामुळे नाडीचे बूट बाद.

इन्हेलर दोन. एक रोजचा, दम लागो न लागो, घ्यायचाच. दुसरा अडीनडीचा. पावडरचा असेल तर जोरात ओढायचा, फवाऱ्याचा असेल तर सावकाश, शक्यतो स्पेसर, म्हणजे इन्हेलर आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावून. दोन्हींच्या आधी छाती रिकामी करायची, नंतर दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा. स्टेरॉइडचा असेल तर चूळ भरायची.

फिजिओथेरपीच्या बाईंचं एक वाक्य मला औषधाइतकं लागू पडलं: "काका, दम लागला म्हणजे इजा झाली असं नाही." दम लागेल या धास्तीने बसून राहिलं की पायांतली ताकद जाते आणि मग तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते. रिहॅबच्या व्यायामाने फुफ्फुसं नवी झाली नाहीत, पण चालणं वाढलं. सिगारेट सोडल्याचंही तसंच. गेलेलं परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी मी मुकाट्याने घेतल्या.

मुलाने रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर आणला आणि घरात नवी चिंता आली. 91 दिसलं की त्याचाच श्वास अडकतो! डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं: आजार उसळला आणि ऑक्सिजन लावावा लागला, तर माझ्यासाठी 88 ते 92 पुरे; बेतालपणे वाढवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. घरी दिवसाचे किमान 15 तास ऑक्सिजन लावायचा तो ज्यांची पातळी कायमच फार खाली आहे त्यांनी. नुसता दम लागतो म्हणून मशीन आणायचं नसतं.

फ्रिजवर डॉक्टरांच्या अक्षरातला कागद आहे. दम नेहमीपेक्षा वाढला, बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी फोन. ओठ निळसर, बोलणं असंबद्ध किंवा उठवूनही उतरत नाही अशी गुंगी असेल, तर फोनही नाही, थेट हॉस्पिटल. "झोपलेत, झोपू दे" असं त्या वेळी कुणी म्हणायचं नाही, हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.