त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा रिंगमध्ये

बॉक्सिंगमध्ये परत उतरतोय म्हटल्यावर जो तो मला जॉर्ज फोरमन ऐकवायचा. १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी त्याने मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवलं, हे खरंच. पण १९८७ मध्ये परतल्यावर जगज्जेतेपदाचा तो पट्टा मिळायला त्याला सात वर्षं लागली, हे कुणी सांगत नाही. मुहम्मद अलीचं नाव तर कुणीच काढत नाही. निवृत्ती मोडून १९८० मध्ये तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला तेव्हा ३८ चा होता. दहा राउंड नुसता मार खाल्ला, मग त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली.

मी ३४ व्या वर्षी सोडलं होतं. चाळिशीनंतर एलिट, म्हणजे मुख्य गट बंद, म्हणून मास्टर्स, म्हणजे वयस्कांचा गट.

मला धास्ती छातीची होती, डॉक्टरांना डोक्याची. ईसीजी झाला, मेंदूचा एमआरआय झाला, थेंब घालून डोळ्याचा पडदा पाहिला. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात, आणि एरवी पचला असता असा ठोसा त्यातली एखादी फाडू शकतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. रिपोर्ट चांगले आले तरी आठ दिवस मी जिमकडे फिरकलो नाही.

पहिल्या स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, समोर १९ वर्षांचा पोरगा. जुना माउथगार्ड बसेना, मधल्या काळात दोन दाढा गेलेल्या. नवा गरम पाण्यात बुडवून चावून घेतला. घंटा झाली. त्याचा खांदा हललेला मला दिसला. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, येतोय हे कळलं, डोकं उजवीकडे न्यायचं हेही सुचलं. तेवढ्यात त्याचा ग्लोव्ह माझ्या नाकाला भेटून परत गेलासुद्धा! वर विचारतो, "बरं आहे ना, काका?"

माझे कोच, सर, म्हणाले, "हात आहेत तुझे, पाय गेलेत. मागे सरून वाचायचं आता विसर."

मग सगळं बदललं. जॅब चुकवण्याऐवजी उजव्या तळव्यावर झेलायचा, गार्ड, म्हणजे तोंडापुढचे हात, उंच ठेवून आत शिरायचं, बरगड्यांवर मारायचं. मला ही शैली कधीच आवडली नव्हती; तरुणपणी अशा बॉक्सरना मी हमाल म्हणायचो. धावणं गुडघ्यांनी बंद पाडलं, सायकल आली. स्पारिंग दहा दिवसांतून एकदाच. पाणी तोडून वजन उतरवायचं नाही, यावर सर अडून बसले, म्हणून एक वजनगट वर खेळलो.

लढत दोन मिनिटांच्या तीन राउंडची. दुसरा माझा होता, तिसऱ्यात खांदे भरून आले आणि गार्ड खाली यायला लागला. तीनपैकी दोन जजनी लढत समोरच्याला दिली.

कोपऱ्यात सर माझ्या हाताची पट्टी सोडवत होते. मी विचारलं, "पुढची स्पारिंग कधी?"

"आधी डोळे तपासून ये," ते म्हणाले, आणि दुसरा हात पुढे करायला सांगितला.