न्यूव्ह शापेलचा थांबा

पॅरिस-ब्रसेल्सच्या दिवशी टूर मॅनेजरच्या डोक्यात टॅकोग्राफ असतो, म्हणजे बस किती चालली-थांबली याची नोंद ठेवणारं यंत्र. ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं गाडी बंद. गेस्ट म्हणतात, "पाच मिनिटं इकडेतिकडे चालतात हो!" नाही चालत, यंत्र सगळं टिपतं आणि दंड ड्रायव्हरला बसतो. एरवी हा ब्रेक मी हायवेवरच्या पंपावर उरकतो. या वेळी उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावी घेतला, साताऱ्याकडच्या एका काकांसाठी.

त्यांचे चुलत आजोबा पहिल्या महायुद्धात गेले. घरात 'फ्रान्सात पडले' असंच सांगत आलेले. आदल्या रात्री काकांजवळचा जुना कागद पाहिला. पलटण 117वी मराठा. "काका, ही पलटण इकडे आलीच नव्हती. पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती, कुत शहराच्या वेढ्यात."
"असू दे. जाऊन तर येऊ."

गाव एवढंसं, भोवती सपाट शेतं. मार्च 1915च्या लढाईत त्याची पार राखरांगोळी झाली होती. हिंदी सैनिकांचं स्मारक गावाबाहेर, ला बाँबच्या चौकात. दिल्लीचं सचिवालय उभारणाऱ्या हर्बर्ट बेकरनेच केलेलं, 1927चं. गोल आवार, 15 मीटरचा खांब, माथ्यावर कमळ, खाली दोन दगडी वाघ. आमच्या ग्रुपला वाघ आवडले. सेल्फी झाल्या आणि "आता काय बघायचं?" सुरू.

काका भिंतीपाशी. पलटणवार 4,700हून जास्त नावं, साध्या शिपायांचीसुद्धा. गढवाल रायफल्सपाशी गब्बर सिंग नेगी सापडला, व्हिक्टोरिया क्रॉसवाला. एकेका ओळीखालून बोट फिरवत काकांनी विचारलं, "आमच्या माणसाचं बसऱ्याला असंच कोरलं असेल ना?"

नाही कोरलेलं. मेसोपोटेमियात पडलेल्यांचं स्मारक बसऱ्याचं, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. साम्राज्य एक, युद्ध एक! युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने हा भेदभाव कबूल केला तो 2021 साली. मी सांगून टाकलं. काका एवढंच म्हणाले, "मग मोजला तरी असेल का त्याला?" यावर मी काय बोलणार?

ब्रसेल्सला वॉफल खायला वेळ कमी पडला म्हणून दोघांनी फीडबॅकमध्ये 'अनावश्यक थांबा' लिहिलं. ऑफिसने खुलासा मागितला. ब्रेक तसाही घ्यावाच लागतो, पंपावर बिस्किटं चघळण्यापेक्षा हे बरं, असं कळवलंय. पटेल असं वाटत नाही. तिकडे सगळं आयफेल टॉवरच्या मापाने मोजतात.

परवा काकांचा फोन. बसऱ्याला टूर जाते का? नाही जात. शिवाय सद्दामच्या काळात, 1997 साली, ते स्मारकच उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलंय. "मग नासिरियाचं बघा की," म्हणाले.