तुम्ही विचारलंत म्हणून : इंग्रजांनी बाहेरच्यांना येऊ दिलंच कशाला?

मी लंडनला राहते, त्यामुळे भारतात आले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगते.

यात उपकार नव्हते. महायुद्धानंतर ब्रिटनला माणसं हवी होती, आणि १९४८च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे वसाहतींतल्या व राष्ट्रकुलातल्या लोकांना तिथे येऊन राहण्याचा हक्कच होता. त्याच वर्षी जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसं घेऊन टिलबरी बंदराला लागलं. पुढे लंडनच्या बस आणि रेल्वेसाठी थेट बार्बेडोसला जाऊन भरती झाली. हॉस्पिटलांत नर्स-डॉक्टर आले, यॉर्कशर-लँकेशरच्या कापडगिरण्यांत रात्रपाळीला पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरची माणसं उभी राहिली. १९६२पासून मात्र निर्बंध वाढत गेले. १९६८ मध्ये तर केनियातल्या आशियाई लोकांना हातात ब्रिटिश पासपोर्ट असताना अडवलं. मी त्याला विश्वासघातच म्हणते.

त्याच वर्षी खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध जहरी भाषण केलं आणि लंडनचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेले. हे लक्षात ठेवा.

ऑगस्ट १९७६. वायव्य लंडनमधल्या विल्सडन भागात ग्रनविक नावाचा फोटो धुऊन देणारा कारखाना. कामगारांत पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका पुष्कळ. पगार कमी, जादा काम सक्तीचं. पाच फूटही उंची नसलेल्या जयाबेन देसाई काम सोडून बाहेर पडल्या. जाताना मॅनेजरला सुनावलं की हा कारखाना नाही, प्राणिसंग्रहालय आहे. इथे तुमच्या तालावर नाचणारी माकडं असतील, पण आम्ही सिंह आहोत. संप सुरू झाला. साड्यांवर कोट चढवून या बायका कारखान्याच्या फाटकासमोर उभ्या राहू लागल्या. क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी कंपनीची पत्रं हाताळायला नकार दिला. १९७७च्या उन्हाळ्यात खाणकामगार आले, आणि गोदी कामगारही आले. नऊ वर्षांपूर्वी पॉवेलसाठी निघालेल्या त्याच गोदीतले!

संप हरला. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी हात काढून घेतला, तेव्हा जयाबेन त्यांच्याच मुख्यालयासमोर उपोषणाला बसल्या. जुलै १९७८ मध्ये सगळं संपलं. नोकरी कुणालाच परत मिळाली नाही. तरी ब्रिटिश समाजावर काय परिणाम झाला असं कुणी विचारलं, की मी करीच्या दुकानांबद्दल न बोलता या फाटकाबद्दल बोलते. गोऱ्या कामगाराने सावळ्या बाईला आपल्यातली मानलं, ते तिथे.

कायमचं मानलं का? २०१८ मध्ये उघड झालं की लहानपणी आईबापांबरोबर कायदेशीरपणे आलेल्या कॅरिबियन लोकांकडे सरकार उतारवयात तिथे राहण्याच्या हक्काचे कागद मागत होतं. कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार थांबले, काहींना देशाबाहेर धाडलं. गृहमंत्री अँबर रड यांना पायउतार व्हावं लागलं. भरपाईची योजना आली, पण पैसे हाती पडायच्या आतच काही जण वारले.