कूयाँगमधील मोरपंखी फलक

२०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये मेलबर्नच्या पूर्वेकडील हॉथॉर्न, क्यू आणि कॅम्बरवेल या उपनगरांत घरोघरच्या कुंपणांवर मोरपंखी रंगाचे प्लॅस्टिकचे फलक दिसू लागले. आमच्या गल्लीत आधी एक होता, दोन आठवड्यांत नऊ झाले. ही उपनगरे ज्या कूयाँग मतदारसंघात येतात, तो १९०१ पासून लिबरल पक्षाच्या किंवा त्याच्या पूर्वसुरींच्या हातून कधीही गेला नव्हता. पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस येथूनच निवडून येत असत, आणि २०२२ मध्ये देशाचे अर्थमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग येथील खासदार होते. त्यांच्यासमोर डॉ. मोनिक रायन या लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या तज्ज्ञ अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या होत्या आणि हवामानबदलावर ठोस कृती ही त्यांची पहिली मागणी होती. हे मोरपंखी फलक त्यांच्याच प्रचाराचे होते.

मला तेव्हा मताधिकार नव्हता, कारण कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असला तरी येथे मत फक्त नागरिकांनाच देता येते. तरीही मी रायन यांच्या प्रचारात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवले, त्यामागे चिपळूण होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या मामीच्या घरात वाशिष्ठीचे पाणी पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चढले. ती रात्र तिने माळ्यावर काढली आणि मी येथे फोन हातात धरून बसून राहिले. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, ही गोष्ट मी शाळेत शिकले नव्हते. ती मला त्या पुरानंतर शोधून वाचावी लागली. ऑस्ट्रेलिया हा जगातील सर्वांत मोठ्या कोळसा निर्यातदारांपैकी एक आहे आणि आपल्या पोलाद कारखान्यांसाठी लागणारा कोळसाही मोठ्या प्रमाणावर येथूनच भारतात येतो. त्यामुळे येथील संसदेत काय ठरते, हे चिपळूणच्या दृष्टीने परके नाही, असे मला वाटते.

प्रचाराची ही पद्धत कूयाँगमध्ये जन्मलेली नव्हती. व्हिक्टोरियाच्या ग्रामीण भागातील इंडाय मतदारसंघात लोकांनी स्वयंपाकघरातील टेबलाभोवती लहान लहान बैठका घेऊन गावाच्या अडचणी लिहून काढल्या, आणि त्यातून २०१३ मध्ये कॅथी मॅगोवन अपक्ष म्हणून निवडून आल्या. २०१९ मध्ये सिडनीच्या वॉरिंगा मतदारसंघात अपक्ष उमेदवार झॅली स्टेगल यांनी माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांचा पराभव केला, तेव्हा हवामान हाच मुख्य विषय होता. २०२२ मध्ये ‘क्लायमेट २००’ या संस्थेने देणगीदारांकडून गोळा केलेला निधी अशा अनेक उमेदवारांना दिला. त्यावर टीका झाली आणि पैशाचा हिशेब मागणे रास्तच होते. पण शनिवारी सकाळी माझ्याबरोबर दारोदार फिरणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंना कोणी एक पैसाही देत नव्हते.

येथे १९२४ पासून संघीय निवडणुकीत मतदान सक्तीचे आहे, त्यामुळे मतदाराला घराबाहेर काढण्यात कार्यकर्त्यांची शक्ती खर्ची पडत नाही, सगळी शक्ती त्याच्याशी बोलण्यात जाते. आम्हाला शिकवलेही तेच गेले होते की बेल वाजवावी, ‘या निवडणुकीत तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते?’ एवढेच विचारावे, आणि मग वाद न घालता ऐकावे.

एका दारात साधारण पंच्याहत्तरीचे गृहस्थ उभे होते. हातात झाडे छाटायची कात्री होती, पायाशी लिंबांनी भरलेली बादली होती. आपण जन्मभर एकाच पक्षाला मत देत आलो, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. शिक्षिकाबाई काही बोलल्या नाहीत. मग त्या गृहस्थांनी स्वतःच जानेवारी २०२० चा विषय काढला. वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर दुरून मेलबर्नवर उतरला होता आणि दम्याचा त्रास असलेल्या त्यांच्या नातीला आठवडाभर खिडक्या बंद करून घरात ठेवावे लागले होते. त्या उन्हाळ्यात देशात २.४ कोटी हेक्टरहून अधिक जमीन जळाली, हा आकडा मला ठाऊक होता, पण तो मी उच्चारला नाही. मी चिपळूणची हकीकत सांगितली. त्यांनी नदीचे नाव दोनदा विचारून घेतले आणि निघताना आमच्या पिशवीत सहा लिंबे घातली. फलक लावू का, असे विचारण्याचा धीर आम्हाला झाला नाही.

मामीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अगं, तुला मत नाही, तर उन्हातान्हात हिंडतेस कशाला?” तिला जे उत्तर दिले, ते मलाच अपुरे वाटले.

मतदान २१ मे रोजी झाले. आपल्याकडे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार थांबतो. येथे मतदान केंद्राच्या दारापासून ६ मीटर सोडले की मतदानाच्या दिवशीही पत्रके वाटता येतात, म्हणून शाळेच्या फाटकाशी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून उभे होते. आतमध्ये शाळेच्या निधीसाठी पावात घातलेले सॉसेज विकले जात होते. मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचा क्रमांक लिहावा लागतो, आणि निकाल त्यावरच फिरला. पहिल्या पसंतीची मते फ्रायडेनबर्ग यांना सुमारे ४३ टक्के आणि रायन यांना सुमारे ४० टक्के होती. बाद झालेल्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीनुसार वाटली गेल्यावर रायन सुमारे ५३ टक्क्यांवर पोहोचल्या. त्या निवडणुकीत हवामानाचा मुद्दा घेऊन अशा सहा नव्या अपक्ष महिला संसदेत गेल्या.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हवामानबदलाचा कायदा झाला आणि २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ४३ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट त्यात आले. आधीच्या सरकारचे उद्दिष्ट २६ ते २८ टक्के होते, आम्ही दारोदार ६० टक्क्यांची मागणी सांगत होतो. मला ४३ पुरेसे वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

पुढे मी नागरिक झाले. ३ मे २०२५ रोजी त्याच शाळेत जाऊन पेन्सिलीने माझ्या आयुष्यातील पहिली ऑस्ट्रेलियन मतपत्रिका भरली, बाहेर येऊन मोरपंखी सदरा चढवला आणि संध्याकाळी ६ वाजेपर्यंत फाटकाशी पत्रके वाटत उभी राहिले.