वहिनी, योगर्ट म्हणजे दही नव्हे

मे महिन्यात फोंड्याला आले होते, तेव्हा जेवताना वहिनीने विचारलं, "तुमच्याकडे दुकानात बादलीभर योगर्ट मिळतं, मग दही लावत कशाला बसतेस? एकच ना ते?" पानात उकड्या तांदळाचा भात आणि त्यावर आईचं दही होतं. मी जेवत राहिले. उत्तर आता इंग्लंडमध्ये, स्विंडनला परतल्यावर लिहिते आहे.

एकच नव्हे. योगर्ट दोन ठरावीक जिवाणूंनी बनतं, लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. पहिल्याच्या नावातच बल्गेरिया आहे, कारण 1905 साली जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने तो आपल्या गावाकडच्या योगर्टमध्ये शोधला. या दोघांना ऊब लागते ती 40 ते 45 अंशांची. कारखान्यात ती नेमकी सांभाळतात, म्हणून प्रत्येक डब्याची चव तीच.

आपलं विरजण मात्र कालच्या दह्याचं, आणि कालचं परवाच्या. त्यात लॅक्टोकॉकस, ल्युकोनोस्टॉक असे कितीतरी जिवाणू एकत्र नांदतात आणि ते फोंड्याच्या साध्या हवेतच वाढतात. दह्याला लोण्यासारखा जो वास येतो तो डायअॅसिटिल नावाच्या द्रव्याचा, आणि ते बनवणारे हेच जिवाणू. योगर्टचा वास वेगळा, हिरव्या सफरचंदाच्या अंगाने जाणारा. आईचं दही आणि शेजारच्या काकींचं दही डोळे मिटून ओळखता येतं, ते यामुळेच. प्रत्येक घराचं विरजण त्या घराचं असतं.

शब्दांचाही घोळ आहे. इथल्या एका इंग्रज शेजारणीला मी कढीची कृती लिहून दिली आणि आपल्या सवयीने दह्याला 'कर्ड' लिहिलं. ती बिचारी लेमन कर्डची बाटली घेऊन आली. म्हणजे अंडी, लोणी, साखर आणि लिंबाचा रस शिजवलेला गोड मुरंबाच! नाहीतर इथे कर्ड म्हणजे चीज करताना फाटलेल्या दुधाचा चोथा. तेव्हापासून कृतीत मी 'दही' असंच लिहिते आणि खाली काय घ्यायचं ते समजावते.

स्वयंपाकात हा फरक फार जाणवतो. ग्रीक योगर्ट म्हणजे निवळ काढून टाकलेलं योगर्ट, जवळजवळ आपला चक्काच. श्रीखंडाला ते उत्तम, टांगून ठेवायची गरजच नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करते. पण त्याच योगर्टची कढी मी पहिल्या वर्षी केली तेव्हा पिठल्यासारखी दाट झाली आणि आंबटपणाचा पत्ता नव्हता. कढीला दोन दिवसांचं, चांगलं आंबलेलं, पातळ दही हवं. डाळीचं पीठ दोन्हीकडे हवंच. आंबट दही तापलं की त्यातलं प्रथिन गोळा होऊन फाटतं, पीठ ते धरून ठेवतं.

लोण्याचं दुःख मोठं. इथलं नेहमीचं दूध होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले की साय वर येतच नाही. त्या दुधाचं दही कितीही घुसळा, रवीला लोणी लागत नाही. शेवटी होमोजिनाइज न केलेल्या दुधाची बाटली शोधून काढली, महाग असली तरी आठवड्याला एक घेते.

आईचं विरजण मात्र आणता येत नाही. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, आणि ती मोडायची माझी इच्छा नाही. म्हणून आईने सांगितलेला जुना उपाय केला. कोमट दुधात हिरव्या मिरच्यांचे पाच-सहा देठ टाकले आणि पातेलं झाकून ठेवलं. पहिल्या दिवशी लागलं ते खाल्लं नाही, फक्त त्याचं विरजण लावलं. तिसऱ्या वेळी तो ओळखीचा वास आला आणि मी चुलीपाशीच उभी राहिले.

फोंड्यात मे महिन्यात पाच तासांत लागतं. इथे जानेवारीत घरात 17-18 अंश असतात, रात्रभर ठेवलं तरी दूध तसंच राहतं. मग ओव्हन न पेटवता त्यातला नुसता दिवा लावून पातेलं आत ठेवते. सकाळी कवडी पडलेली असते. आईला फोनवर दाखवते, ती आधी निवळ बघते आणि मग म्हणते, "अजून एक तास ठेव."

तर वहिनी, ग्रीक योगर्ट आता पणजीतही मिळतं. एक डबा आण, निम्म्याची कढी कर, दुसऱ्या पातेल्यात आईच्या दह्याची कर, आणि दोन्ही दादाला न सांगता वाढ. कोणतं पातेलं आधी संपलं ते मला रात्री फोनवर सांग.